मधली सुट्टी कायद्याने का द्यावी लागते?

२०१६ च्या जानेवारीत न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांच्या टेबलावर एक छोटं विधेयक होतं. केजीपासून पाचवीपर्यंतच्या मुलांना शाळेत रोज किमान २० मिनिटं सुट्टी मिळावी, एवढंच त्यात म्हटलं होतं. विधिमंडळाने ते मंजूर केलेलं होतं. क्रिस्टींनी सही केली नाही, आणि वर टीव्हीवरच्या मुलाखतीत विधेयकाला सरळ मूर्खपणा म्हणून मोकळे झाले. राज्यापुढे इतके प्रश्न पडलेले असताना आमदार पोरांच्या सुट्टीची चिंता करत बसलेत, असा त्यांचा सूर होता.

आपल्याकडे शाळा शिकलेल्या माणसाला पहिल्या झटक्यात क्रिस्टींचंच पटेल. मधली सुट्टी ही काय सरकारने द्यायची वस्तू आहे? शिपाईकाका टोल देतात, डबे उघडतात, दोन घास पोटात आणि चार घास डब्यात ठेवून पोरं मैदानात पळतात. पण अमेरिकेत गेल्या तीसेक वर्षांत कितीतरी सार्वजनिक शाळांच्या वेळापत्रकातून ही सुट्टी आक्रसत गेली, काही ठिकाणी पूर्ण नाहीशी झाली. म्हणून मग ती परत आणायला कायदे करावे लागले. न्यू जर्सीतही अडीच वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुढचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी रोजच्या २० मिनिटांच्या कायद्यावर सही केली आणि २०१९-२० च्या शालेय वर्षापासून तो लागू झाला. एडिसन आणि आसपासच्या गावांतल्या सार्वजनिक शाळांत जाणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांची सुट्टी आज याच कायद्याच्या आधाराने चालते.

ऱ्होड आयलंडने २०१६ मध्ये, फ्लोरिडाने २०१७ मध्ये, ॲरिझोनाने २०१८ मध्ये, आर्कान्सॉने २०१९ मध्ये, इलिनॉयने २०२१ मध्ये, जॉर्जियाने २०२२ मध्ये, तर वॉशिंग्टन राज्य आणि कॅलिफोर्निया यांनी २०२३ मध्ये असे कायदे केले. मला यात सगळ्यात वाचनीय वाटतो तो त्यांचा मजकूर. सुट्टी द्या, असं एका ओळीत सांगून यातला एकही कायदा थांबत नाही. 'सलग', 'मुक्त खेळ', 'कपडे चढवण्याचा वेळ सोडून' अशा अटी त्यात ठासून भरलेल्या आहेत, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येक अटीमागे शाळेने काढलेली किंवा काढू शकेल अशी एखादी पळवाट आहे. त्या अटी नीट वाचल्या की मुलांची सुट्टी नेमकी कशी चोरीला जाते, ते कळतं.

कुणाचीच नसलेली वीस मिनिटं

सुट्टी मुद्दाम, जाहीरपणे काढून टाकल्याची उदाहरणं आहेत. १९९० च्या दशकात अटलांटा शहराच्या शाळांनी तसं केलं. तिथले शाळा-अधीक्षक बेंजामिन कॅनडा यांचा युक्तिवाद असा होता की आपल्याला अभ्यासातली कामगिरी सुधारायची आहे, आणि मुलांना लोखंडी दांड्यांवर लोंबकळू देऊन ती सुधारत नाही. तिथे एका नव्या प्राथमिक शाळेची इमारत खेळाच्या मैदानाशिवायच बांधली गेली. १९९८ मध्ये ही बातमी देशभर गाजली.

पण बहुतेक ठिकाणी असं ठरवून काही झालं नाही. जानेवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यावर सही केली. तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा घ्यायची, निकाल शाळेगणिक जाहीर करायचे, आणि सुधारणा न दाखवणाऱ्या शाळांवर टप्प्याटप्प्याने कारवाई करायची, असा तो प्रकार होता. आता मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून पाहा. शाळेचा दिवस साडेसहा तासांचा, तो वाढत नाही. वाचनाला आणि गणिताला जास्त वेळ हवा आहे. तो आणायचा कुठून? चित्रकला, संगीत, समाजशास्त्र यांच्यातून थोडा, आणि सुट्टीतून थोडा. सेंटर ऑन एज्युकेशन पॉलिसी या संस्थेने त्यानंतरच्या वर्षांत शालेय जिल्ह्यांची, म्हणजे आपापल्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणांची, पाहणी केली, तेव्हा साधारण दर पाचातल्या एका जिल्ह्याने सुट्टी कमी केल्याचं सांगितलं.

कात्री सुट्टीलाच का लागते, याचं उत्तर सोपं आहे. गणिताच्या मागे परीक्षा उभी आहे. शारीरिक शिक्षणाच्या तासाला प्रशिक्षित शिक्षक आहे, त्याची नोकरी त्या तासावर चालते. जेवणाच्या वेळेमागे स्वयंपाकघर आणि केंद्र सरकारचा जेवणाचा कार्यक्रम आहे. सुट्टीच्या मागे कुणी नाही. तिचा शिक्षक नाही, पुस्तक नाही, निकाल नाही. महिनाअखेरीला पैसे कमी पडले की घरात ज्या खर्चाची कुणी पावती मागत नाही तोच आधी बंद होतो, तसं सुट्टीचं झालं.

शिकागोत कारण आणखी वेगळं होतं. तिथे अनेक प्राथमिक शाळांतून सुट्टी गेली ती परीक्षांच्या कितीतरी आधी. शाळेभोवतालच्या रस्त्यांवरची असुरक्षितता, मुलांना लवकर घरी सोडण्याची सोय आणि शिक्षकांच्या जेवणाच्या सुट्टीचं गणित यांत ती अडकली. शिक्षकांनी आपली जेवणाची वेळ दिवसाच्या शेवटी नेली, मुलं लवकर सुटू लागली, मधला मोकळा वेळ गेला. २०१२-१३ मध्ये महापौर राहम इमॅन्युएल यांच्या काळात प्राथमिक शाळांचा दिवस पावणेसहा तासांवरून सात तासांचा झाला, तेव्हा कुठे सुट्टीला पुन्हा जागा मिळाली. शिकागोकरांनी सुट्टी परत मिळवली, पण त्यासाठी मुलांना शाळेत सव्वा तास जास्त बसावं लागलं.

डोकं, पाय आणि कच्चा लिंबू

सुट्टीचा फायदा नेमका काय, यावर संशोधन आहे, पण ते वाचताना थोडं सावध राहायला हवं. सुट्टी दिली की मार्क वाढतात, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. सांगता येतं ते असं की सुट्टी दिल्याने मार्क कमी होत नाहीत, आणि वर्गातलं लक्ष व वागणूक सुधारते असा पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे.

मिनेसोटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अँथनी पेलेग्रिनी यांचे १९९० च्या दशकातले प्रयोग या विषयात पायाभूत मानले जातात. त्यांनी साधी गोष्ट केली: सुट्टीची वेळ पुढे-मागे केली आणि मुलांचं निरीक्षण केलं. जितका वेळ मुलं सलग बसवून ठेवली, तितकं त्यांचं लक्ष उडत गेलं. चुळबुळ वाढली, नजर पुस्तकावरून खिडकीकडे गेली. सुट्टीनंतर लक्ष पुन्हा जागेवर आलं. यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढची आहे. सुट्टी घरात, म्हणजे चार भिंतींच्या आत घेतली तरी तोच परिणाम दिसला. म्हणजे धावपळ झाली, रक्त खेळतं झालं, एवढ्यावरच हे अवलंबून नाही. एका कामातून डोकं बाहेर येणं, काही काळ कुणीही काहीही न सांगणं, हाच त्यातला मोठा भाग असावा. पावसाळ्यात मैदानात तळं साचतं म्हणून सुट्टीच रद्द करणाऱ्या शाळांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

२००९ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आठ-नऊ वर्षांच्या सुमारे ११,००० मुलांची माहिती तपासणारा अभ्यास आला. रोज १५ मिनिटांपेक्षा जास्त अशी किमान एक सुट्टी मिळणाऱ्या मुलांच्या वर्गातल्या वागणुकीला शिक्षकांनी जास्त चांगले गुण दिले होते. पण हा निरीक्षणाचा अभ्यास होता, प्रयोग नव्हता. ज्या शाळांत सुट्टी असते त्या शाळा इतरही बाबतींत बऱ्या असू शकतात. त्या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मात्र जास्त बोचरा आहे. साधारण ३० टक्के मुलांना सुट्टी नव्हती किंवा नावापुरती होती, आणि अशी मुलं गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि शहरी सार्वजनिक शाळांतली असण्याची शक्यता जास्त होती. ज्यांच्या घराजवळ बाग नाही, ज्यांना आई-वडील संध्याकाळी बाहेर सोडायला घाबरतात, त्यांचीच शाळेतली सुट्टीही गेलेली. त्या मुलांना दिवसभरात मोकळं असं काय उरलं असेल?

चार वर्षांनी, २०१३ च्या जानेवारीत, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अधिकृत भूमिका जाहीर केली: सुट्टी हा मुलांच्या वाढीचा आवश्यक भाग आहे, आणि ती शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी काढून घेऊ नये. संघटनेने आणखी एक भेद स्पष्ट केला. पीटीचा तास आणि सुट्टी या एक नव्हेत. पीटीत शिकवायचं काही ठरलेलं असतं. सुट्टीत मुलं स्वतः ठरवतात.

हा भेद आपल्याला समजून घ्यायचा तर 'कच्चा लिंबू' आठवावा. मोठ्या मुलांच्या खेळात कुणाचा तरी धाकटा भाऊ लुडबुडतो. त्याला हाकलला तर तो रडत घरी जाणार आणि सगळ्यांचा खेळ बंद पडणार. मग तोडगा निघतो: तू खेळ, पण तुझ्यावर राज्य येणार नाही. हा नियम कोणत्याही क्रीडाशिक्षकाने शिकवलेला नाही. तो मुलांनीच, खेळ चालू राहावा म्हणून, वाटाघाटी करून काढलेला आहे. राज्य कुणावर, आउट झाला की नाही, 'टाइमप्लीज' किती वेळ चालतं, यावर सुट्टीची निम्मी मिनिटं भांडण्यात जातात, आणि मोठ्यांना वाटतं वेळ वाया गेला. संशोधक जेव्हा सामाजिक कौशल्यं वगैरे जड शब्द वापरतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं ते हेच भांडण.

शब्दाशब्दामागची पळवाट

आता कायद्यांच्या मजकुराकडे येऊ.

फ्लोरिडाचा कायदा म्हणतो: केजी ते पाचवी, आठवड्याला किमान १०० मिनिटं मुक्त खेळाची सुट्टी, आणि दररोज त्यातली किमान २० मिनिटं सलग. नुसतं 'आठवड्याला १०० मिनिटं' म्हटलं असतं तर शुक्रवारी दुपारी पोरांना दीड तास सोडून चार दिवस कोंडता आलं असतं. नुसतं 'दररोज २० मिनिटं' म्हटलं असतं तर पाच मिनिटं पाणी प्यायला, पाच मिनिटं रांगेत आणि दहा मिनिटं वर्गात उभं राहून हातपाय हलवायला, अशी बेरीज करून कागद भरला असता. 'दररोज' आणि 'सलग' या दोन शब्दांनी दोन्ही दरवाजे बंद होतात.

'मुक्त खेळ' हा दुसरा महत्त्वाचा शब्द. फ्लोरिडात प्राथमिक शाळांना आठवड्याला १५० मिनिटं शारीरिक शिक्षण आधीपासूनच सक्तीचं होतं. त्यामुळे सुट्टी मागायला गेलेल्या आयांना उत्तर मिळे की मुलं रोज अर्धा तास पीटी करतातच की! शिवाय वर्गातल्या पडद्यावर एखादा व्हिडिओ लावून त्याबरोबर दोन-तीन मिनिटं नाचायचं, यालाही विश्रांती म्हणण्याची पद्धत रुळली होती. मुक्त खेळ असं लिहिल्यावर पीटीही बाद झाली आणि व्हिडिओही.

या आयांची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. वर्तमानपत्रांनी त्यांना 'रिसेस मॉम्स' असं नाव दिलं. त्यांनी आधी आपापल्या जिल्ह्याच्या शाळामंडळांचे उंबरे झिजवले, मग राजधानी टॅलाहासी गाठली. २०१६ मध्ये त्यांचं विधेयक खालच्या सभागृहात प्रचंड बहुमताने मंजूर झालं आणि वरच्या सभागृहात अडकून पडलं. २०१७ मध्ये ते शिक्षणविषयक एका अवाढव्य विधेयकात घुसवलं गेलं. त्यात चार्टर शाळांना, म्हणजे सरकारी पैशाने पण खासगी व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या शाळांना, निधी देण्याच्या वादग्रस्त तरतुदी होत्या. सुट्टी हवी तर बाकीचंही गिळा, अशी ती मोट होती. गव्हर्नर रिक स्कॉट यांनी सही केली. आणि गंमत म्हणजे, सुट्टीच्या सक्तीतून चार्टर शाळांना वगळलं.

इलिनॉयचा २०२१ चा कायदा मला सगळ्यात चतुर वाटतो, कारण तो लिहिणाऱ्याने मुलांना प्रत्यक्ष सुट्टीवर जाताना पाहिलेलं असणार. दिवसाला ३० मिनिटं. तुकडे करायचे तर प्रत्येक तुकडा किमान १५ मिनिटांचा. खेळ मुलांनी ठरवलेला हवा. संगणक, टॅब्लेट, फोन, व्हिडिओ यांचा वेळ मोजायचा नाही. आणि बाहेर जाण्यासाठी कपडे चढवण्या-उतरवण्याचा वेळही मोजायचा नाही. पुण्या-नाशिकच्या वाचकाला ही शेवटची अट विनोदी वाटेल, पण शिकागोचा जानेवारी पाहिलेल्याला वाटणार नाही. पहिलीतल्या पंचवीस मुलांना जाड कोट, बर्फातले बूट, टोपी, हातमोजे घालायचे, एकाचा हातमोजा सापडत नाही, दुसऱ्याची चेन अडकली, की पंधरा मिनिटं तिथेच गेली. कायद्यात हे लिहिलं नसतं तर हिवाळाभर मुलांची सुट्टी कोटाच्या खुंटीपाशीच संपली असती.

कॅलिफोर्नियाच्या २०२३ च्या कायद्यात नेहमीच्या दिवशी किमान ३० मिनिटं, आणि शाळा लवकर सुटणार असेल त्या दिवशी किमान १५ मिनिटं सुट्टी आहे, जेवणाचा आणि पीटीचा वेळ धरून नव्हे, त्याव्यतिरिक्त. हवामान आणि हवेची गुणवत्ता ठीक असेल तर ती बाहेर द्यावी, असंही म्हटलंय. हवेच्या गुणवत्तेचा उल्लेख तिथल्या वणव्यांच्या धुरामुळे अपरिहार्यच आहे.

उलट जॉर्जियाचा कायदा पाहा. केजी ते पाचवीसाठी रोज सुट्टी, असं तो म्हणतो. पण ज्या दिवशी पीटीचा तास किंवा दुसरा एखादा आखीव उपक्रम झाला असेल त्या दिवशी सुट्टी द्यायची सक्ती नाही. फ्लोरिडाच्या आयांनी जे दार बंद केलं, ते इथे चौकटीसकट उघडं आहे.

शिक्षेचा प्रश्न सगळ्यात नाजूक. गृहपाठ केला नाही, बडबड केली, की 'आज सुट्टीत वर्गातच बसायचं', ही शिक्षा दोन्ही देशांतल्या वाचकांना ओळखीची आहे. शिक्षकांची बाजूही समजून घ्यावी लागते. छडी गेली (ती गेली हे उत्तमच झालं), ओरडायचं नाही, पालकांना बोलावलं तर पालक येत नाहीत. मुलाला खरोखर नको असलेली एवढी एकच गोष्ट हातात उरते. अडचण अशी की ही शिक्षा बहुतेक वेळा त्याच दोन-तीन मुलांना होते, आणि ती तीच असतात ज्यांना एका जागी बसणं सगळ्यात कठीण जातं. सकाळभर चुळबुळ केली म्हणून त्याची सुट्टी काढली, की दुपारची चुळबुळ दुप्पट.

कायद्यांनी यावर वेगवेगळी उत्तरं काढलीत. इलिनॉयने सुट्टी शिक्षा म्हणून काढून घ्यायला मनाई केली. कॅलिफोर्नियाने एकच अपवाद ठेवला: मुलाच्या सहभागामुळे कुणाच्या शारीरिक सुरक्षिततेला तात्काळ धोका असेल तर. न्यू जर्सीने मधला रस्ता घेतला. शाळेची आचारसंहिता मोडली असेल, दादागिरीचं प्रकरण असेल, तर सुट्टी नाकारता येते, पण आठवड्यात दोनदाहून जास्त नाही, आणि त्या वेळात मुलाला नुसतं भिंतीकडे तोंड करून बसवायचं नाही; ज्याला त्रास दिला त्याच्याशी संबंध सुधारतील अशा प्रकारचं काही काम त्याच्याकडून करून घ्यायचं. वाचायला छान आहे. पण हे काम करून घेणारा माणूस रोज मोकळा असतो का, हे कायदा सांगत नाही.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं

ते सगळेच खडूस नसतात. २०१९ मध्ये जॉर्जियाचे गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी सुट्टीचं विधेयक परत पाठवलं, तेव्हा त्यांचं कारण होतं की शाळेचं वेळापत्रक ठरवणं हा स्थानिक शाळामंडळाचा अधिकार आहे. तीन वर्षांनी त्यांनीच वर सांगितलेल्या कायद्यावर सही केली, ही गोष्ट वेगळी. अमेरिकेत शाळा स्थानिक मालमत्ता कराच्या पैशावर बऱ्याच प्रमाणात चालतात, त्यामुळे राजधानीतून मिनिटं मोजून द्यायला लोकांचा तत्त्वतः विरोध असतो.

दुसरा मुद्दा हिशेबाचा. तिथलं शालेय वर्ष साधारण १८० दिवसांचं. रोज २० मिनिटं म्हणजे वर्षाला ६० तास. अध्यापनाचे ठरावीक तास भरायचे असतील तर हे ६० तास येणार कुठून? आर्कान्सॉने याचं उत्तर कागदावरच सोडवलं: रोजची ४० मिनिटं सुट्टी अध्यापनाच्या तासांतच धरायची. म्हणजे सुट्टी दिली म्हणून शाळेचे तास कमी भरत नाहीत. मला हा तोडगा आवडतो. लबाडी वाटली तरी मागचा विचार बरोबर आहे, कारण मुलगा वर्गात बसलेला आहे याचा अर्थ तो शिकतोय असा नसतो.

तिसरा मुद्दा माणसांचा. शंभर मुलं मैदानात, तर लक्ष ठेवायला किती जण? शिक्षकांना त्यांच्या करारानुसार जेवणाची निर्वेध वेळ हवी असते. मग मदतनीस नेमा, त्यांना पगार द्या. कायदा मिनिटं देतो, पैसे देत नाही. मुलगा पडला, हात मोडला, तर खटला होण्याची भीती वेगळीच. यातून काही शाळा 'प्लेवर्क्स'सारख्या संस्थांकडे वळल्या. जिल व्हायलेट यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड भागात सुरू केलेली ही संस्था प्रशिक्षित ताई-दादांना शाळेत पाठवते. ते खेळ सुरू करून देतात, भांडण सोडवण्याच्या साध्या पद्धती शिकवतात. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने शाळा निवडून केलेल्या चाचणीत, अशा शाळांत दादागिरी कमी झाल्याचं शिक्षकांनी सांगितलं. मुलांना स्वतःला विचारलं तेव्हा मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. माझं मत विचाराल तर मैदान भांडणांनी नासलेलं असेल तिथे हे उपयोगी आहे; पण ताई-दादा कायमचे राहिले तर सुट्टीचा पुन्हा तास होतो.

आपल्याकडे

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं ३१ वं कलम मुलांचा विश्रांतीचा, फावल्या वेळेचा आणि खेळण्याचा हक्क मान्य करतं. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, पण तिला औपचारिक मान्यता आजवर दिलेली नाही. तरी मिनिटामिनिटाचे कायदे तिथे आहेत, आपल्याकडे नाहीत. आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास. शाळेला मैदान हवं, खेळाचं साहित्य हवं, हेही आहे. त्या मैदानावर मुलांना रोज किती वेळ सोडायचं, ते नाही.

आपल्याकडे सुट्टी टिकली ती रिवाजाने आणि डब्यामुळे. पण डब्याला बांधलेली सुट्टी डब्याबरोबरच आखडते. मोठ्या शहरांत एकाच इमारतीत सकाळचं आणि दुपारचं अशी दोन सत्रं भरतात. एक सुटायचं आणि दुसरं भरायचं यांत फट नसते, तिथे पाच-दहा मिनिटं वाचवायची तर ती सुट्टीतूनच वाचतात. मैदानात गाड्या लागलेल्या असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मैदान मोठं, पण पोषण आहाराची रांग, हात धुणं, खाणं, ताट घासून ठेवणं यांत अर्धा तास कसा जातो कळत नाही. म्हणजे फ्लोरिडाच्या 'सलग'ची आणि कॅलिफोर्नियाच्या 'जेवणाव्यतिरिक्त'ची गरज आपल्यालाही आहे, फक्त कोट आणि बर्फाच्या जागी खिचडी आणि पार्किंग.

एक बदल मात्र बिनखर्चाचा आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात काही प्राथमिक शाळांत आधी खेळ आणि मग जेवण असा क्रम लावून पाहिला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांचं फळं-भाज्यांचं खाणं ५४ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. कारण उघड आहे: जेवणानंतर खेळ असला की मुलं घास कोंबून किंवा ताटात टाकून पळतात. खेळून आल्यावर भूकही असते आणि पळायची घाई नसते. आपल्याकडे हा क्रम लावायचा तर हात धुवायला नळ पुरेसे हवेत, आणि मार्च-एप्रिलमध्ये भर उन्हात सोडण्याऐवजी वेळ अलीकडे घ्यावी लागेल. विदर्भात तर नक्कीच.

यासाठी मुंबईत कायदा होण्याची वाट पाहायची गरज नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं हे त्या समितीचं कामच आहे. जेवण धरून सुट्टी किती आणि जेवण वगळून किती, गृहपाठ राहिलेल्या मुलांना सुट्टीत कुठे बसवता, पावसात काय करता, हे तीन प्रश्न बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घेता येतात, उत्तरासकट. विनाअनुदानित खासगी शाळांत अशी समिती नसते. तिथे पालक-शिक्षक संघ असतो, आणि महाराष्ट्रात तो २०११ च्या शुल्क नियमन कायद्यातून आलेला असल्यामुळे त्याच्या बैठकीत फीच्या पुढे विषय सरकवायला थोडा जोर लावावा लागतो.